तारीख सगळ्यात शेवटी: पहिलं पुस्तक काढणाऱ्यांसाठी

काही वर्षांपूर्वी एका कवितासंग्रहाचं प्रूफ माझ्याकडे आलं, तेव्हा प्रकाशन समारंभाला नऊ दिवस उरले होते. हॉल बुक झालेला, पाहुणे ठरलेले, पत्रिका वाटून झालेल्या. पुस्तक तेवढं व्हायचं होतं. दोन रात्री जागून मी कविता वाचल्या, वेलांट्या-उकार लावले, फाइल परत पाठवली. अर्पणपत्रिकेचं पान कवीनं शेवटच्या दिवशी परस्पर डीटीपीवाल्याला व्हॉट्सॲपवर पाठवलं. त्यात दोन शिक्षकांची नावं होती. एक सर वारलेले, म्हणून त्यांच्या नावाआधी 'कै.' होतं. दोन्ही ओळी सारख्या दिसाव्यात म्हणून डीटीपीवाल्यानं दुसऱ्या नावालाही 'कै.' लावून टाकलं. ते दुसरे सर समारंभाला पहिल्या रांगेत बसणार होते.

पाचशे प्रतींवर पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या चिकटवत आम्ही चौघं दीड दिवस बसलो. ते पान मला दाखवलंच नव्हतं, हे खरं. पण 'अर्पणपत्रिका कुठंय?' हे विचारणं माझंच काम होतं.

गेली वीसेक वर्षं मी मुद्रितशोधन करते, अधूनमधून संपादनही. पहिलं पुस्तक काढणारी बरीच माणसं या काळात जवळून पाहिली. लिहायला त्यांना चार-पाच वर्षं लागलेली असतात आणि छापायला चार-पाच आठवडे दिलेले असतात. पुस्तक बिघडतं ते या आठवड्यांत. म्हणून खालच्या सगळ्या पायऱ्यांच्या आधी एकच विनंती आहे: समारंभाची तारीख सगळ्यात शेवटी ठरवा.

लिहून झालं की आधी एक फाइल करा

नवख्या लेखकाचं हस्तलिखित बहुधा पाच ठिकाणी असतं. काही वहीत, काही फोनच्या नोट्समध्ये, काही फेसबुकच्या पोस्टमध्ये, दोन लेख जुन्या मासिकाच्या कात्रणात, आणि एक प्रकरण भाचीनं टाइप करून दिलेलं, पण तिचा लॅपटॉप बदललाय. हे सगळं एका फाइलमध्ये, युनिकोडमध्ये (म्हणजे कुठल्याही फोनवर-संगणकावर नीट उघडणाऱ्या टाइपात) आणा. इनस्क्रिप्ट कळफलकानं टाइप करा, फोनेटिकनं करा, बोलून करा. युनिकोड असलं म्हणजे झालं. बोलून टाइप केलेलं मात्र लगेच वाचून घ्या. फोनला 'पाणी' आणि 'पानी' यांतला फरक कळतोच असं नाही, आणि आठवड्यानंतर आपल्याला नेमकं काय म्हणायचं होतं ते आपल्यालाही आठवत नाही.

जुना मजकूर श्री-लिपीसारख्या फॉन्टमध्ये असेल, तर तो कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणता येतो. पण कन्व्हर्ट झालं म्हणजे नीट झालं असं समजू नका. रफार पुढच्या अक्षरावर सरकतो, जोडाक्षरं तुटतात. कन्व्हर्ट केलेली फाइल पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मूळ कागदाशी ताडून बघावी लागते, याला पर्याय नाही.

पुस्तक किती पानांचं होईल, याचा अंदाज आत्ताच बांधा. डेमी आकार म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच. बहुतेक मराठी कादंबऱ्या आणि कथासंग्रह याच आकारात निघतात. नेहमीच्या टाइपात एका पानावर अडीचशे ते तीनशे शब्द बसतात. चाळीस हजार शब्द असतील तर दीडशेच्या आसपास पानं. नव्वद हजार शब्दांच्या आठवणी घेऊन येणाऱ्याला मी हा हिशेब आधी सांगते, कारण पुढे कागदाचं बिल पाहिलं की काटछाट आपोआप सुचते. ती आधीच सुचलेली बरी.

मग फाइल बंद करून महिनाभर बाजूला ठेवा. महिन्यानं कागदावर प्रिंट काढा आणि मोठ्यानं वाचा. जिथं जीभ अडखळते, जिथं घरातलं ऐकणारं माणूस फोन हातात घेतं, तिथं पेन्सिलीनं खूण करा. दुरुस्ती वाचताना करू नका, नाहीतर तिसऱ्या पानावरच अडकाल.

या महिन्यात एक-दोन तुकडे मासिकांकडे किंवा दिवाळी अंकांकडे पाठवून बघा. १९०९च्या 'मनोरंजन'पासून सुरू झालेली ही दिवाळी अंकांची रीत नव्या लेखकासाठी अजूनही बरी परीक्षा आहे: अनोळखी संपादक तुमचं लिखाण वाचतो आणि त्याला तुमची भीड नसते. बरेच अंक जून-जुलैपर्यंत मजकूर घेतात, त्यामुळे गणपतीत पाठवून उपयोग नाही. मजकूर घेतला तर 'पुस्तकरूपाने छापण्याचे हक्क लेखकाकडे' एवढं एका ओळीच्या ईमेलवर लिहून घ्या.

संपादन म्हणजे शुद्धलेखन नव्हे

'जरा शुद्धलेखन बघून द्या' असं म्हणत लोक येतात, आणि पुस्तकाला गरज असते वेगळ्याच कामाची. कामं तीन आहेत. पुस्तकात काय असावं, काय नसावं, कुठून सुरू व्हावं, हे बघणं म्हणजे संपादन. वाक्यं सरळ करणं, पुनरुक्ती काढणं, तपशील जुळवणं म्हणजे भाषिक संस्करण. आणि मांडणी झालेल्या पानांवरच्या चुका टिपणं म्हणजे मुद्रितशोधन. तिन्ही कामं एकच माणूस करू शकेल, पण एका वाचनात नाही. आणि क्रम उलटा केला तर पैसे दोनदा जातात: वेलांट्या सुधारून झालेलं प्रकरण पुढे काढूनच टाकायचं ठरतं.

एक उदाहरण जवळून दाखवते. एस.टी.त कंडक्टर म्हणून उभी हयात काढलेले एक काका आठवणी घेऊन आले होते. सुरुवात अर्थातच 'माझा जन्म एका गरीब पण सुसंस्कृत कुटुंबात झाला' अशी. (दहांतली सात आत्मकथनं असंच सुरू होतात. तुमचंही होत असेल तर ते वाक्य आत्ताच खोडा.) तिसऱ्या प्रकरणात हा परिच्छेद होता:

'माझी नोकरी ही अतिशय कष्टाची व जबाबदारीची होती. त्या काळी आजच्यासारखी मशीन नव्हती. तिकिटे पंच करून द्यावी लागत. पैशांचा हिशोब चोख ठेवावा लागे, नाहीतर पदरचे भरावे लागत. एकदा मला सव्वाअकरा रुपये कमी आले, तेव्हा फार वाईट वाटले.'

यात एकही चूक नाही. वाचणारा मात्र 'बरं' म्हणून पुढे जातो. मी काकांना एवढंच विचारलं, 'सव्वाअकरा रुपये कमी आले, त्या रात्री तुम्ही काय केलंत?' ते पंधरा मिनिटं बोलले. मी म्हटलं, आता हेच लिहून आणा. आठ दिवसांनी आणलं:

'सव्वाअकरा रुपये कमी येत होते. मुक्कामाची गाडी. ड्रायव्हर टपावर अंथरूण टाकून झोपला होता. मी आतला दिवा लावून ट्रेमधल्या तिकिटांचे नंबर पुन्हा वेबिलाशी लावत बसलो. डबा उघडलाच नाही. तिसऱ्यांदा मोजायला घेतलं तेव्हा वरून आवाज आला, "मास्तर, अकरा रुपयांपायी डोळे घालवाल."'

कष्ट, जबाबदारी, वाईट वाटणं हे तिन्ही शब्द गेले आणि तिन्ही गोष्टी आल्या. पुस्तकही आम्ही याच रात्रीपासून सुरू केलं. जन्म पाचव्या पानावर गेला. यात माझं एकही वाक्य नाही, हे मुद्दाम सांगते. चांगला संपादक प्रश्न विचारतो आणि लिहायचं काम लेखकावर सोडतो. तुमच्या पानावर स्वतःची अलंकारिक वाक्यं घालणारा भेटला, तर त्याला नम्रपणे थांबवा.

संपादक कुठं मिळतो? आधी घरचे नकोत. भावजी मराठीचे प्राध्यापक असले तरी नकोत. त्यांना तुमचं मन मोडवत नाही. आवडलेल्या दोन-तीन नव्या पुस्तकांतलं श्रेयपान उघडा. संपादन, मुद्रितशोधन कुणी केलं ते तिथं असतं. त्या माणसाला आधी एका प्रकरणाचं काम द्या, नमुना बघा, दर ठरवा, मग उरलेलं द्या.

भाषेच्या पातळीवर तुमचं तुम्हाला करता येण्यासारखंही बरंच आहे. 'खरं तर', 'एक प्रकारे', 'जणू काही' हे शब्द फाइलमध्ये शोधा आणि किती वेळा आलेत ते मोजा. टिंबटिंब आणि उद्गारचिन्हं मोजा. 'त्यांच्याद्वारे सांगण्यात आले' असं असेल तिथं 'ते म्हणाले' करा. बोलीत संवाद असतील तर बोली तशीच ठेवा, पण ती पानापानाला बदलू देऊ नका: एकच आजी तिसऱ्या पानावर 'म्या गेलो न्हाई' आणि चाळिसाव्या पानावर 'मी गेले नाही' म्हणत असेल, तर ते लेखकाचं दुर्लक्ष दिसतं.

सोबत एक यादी करा. आम्ही तिला शैलीपत्रक म्हणतो. साधा एक कागद असतो. निवेदनात 'केलं, गेलं' लिहायचं की 'केले, गेले'? 'हिशेब' की 'हिशोब'? गावाचं, माणसाचं नाव कसं? आकडे अक्षरी की अंकी? एकदा ठरवा, लिहून ठेवा आणि पुढच्या प्रत्येक हाताला तो कागद द्या. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी टाइप होतं, एक अखंड आणि एक अ-वर चंद्र ठेवून. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, पण शोधताना अर्धेच शब्द सापडतात.

प्रूफ

मराठी साहित्य महामंडळाचे शासनमान्य लेखननियम १८ आहेत: १४ नियम १९६२चे, ४ पुढे १९७२मध्ये वाढवलेले. सगळे मिळून दोन-तीन पानांत मावतात. लेखकानं ते एकदा वाचायला हरकत नाही. निम्म्या चुका दोन-तीन ठिकाणीच होतात. शब्दाच्या शेवटी इकार-उकार दीर्घ, पण समासाच्या सुरुवातीला, संस्कृतात मुळात ऱ्हस्व असलेला तत्सम शब्द ऱ्हस्वच: 'कवी' पण 'कविसंमेलन'. 'गरीब' पण 'गरिबाला'. 'फूल' पण 'फुलं'.

आणि ऱ्य. 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या. 'आचार्यांना निमंत्रण दिलं' आणि 'आचाऱ्यांना निमंत्रण दिलं' यांत पंगतीचा फरक आहे. सह्याद्रीवरच्या एका पुस्तकात कन्व्हर्टरनं सगळ्या दऱ्यांचा दर्या केला होता. दुसऱ्या प्रूफात सापडलं म्हणून, नाहीतर ट्रेकरांना पोहत जावं लागलं असतं. इनस्क्रिप्ट कळफलकावर 'र'च्याच कळीवर शिफ्ट दाबलं की 'ऱ' येतो.

प्रूफ किमान तीनदा वाचलं जावं. पहिलं मांडणीनंतर, सावकाश. दुसरं पहिल्याच्या दुरुस्त्या खरंच झाल्यात का ते बघायला. एक दुरुस्त करताना शेजारची ओळ बिघडणं हे रोजचंच आहे. तिसरं कागदावर, लेखकानं स्वतः. तिसऱ्या प्रूफात नवा परिच्छेद सुचला तर हात आवरा. पानं पुढे सरकतात, अनुक्रमणिका चुकते, आणि डीटीपीवाला तुमचा फोन उचलेनासा होतो.

मोठ्या चुका मजकुरात कमी आणि कडेकडेनं जास्त असतात, कारण तिथं कुणी वाचत नाही. मुखपृष्ठ, कणा, मलपृष्ठावरचा मजकूर, श्रेयपान, अर्पणपत्रिका, प्रकरणांची शीर्षकं, पानाच्या डोक्यावरची नावं, अनुक्रमणिकेतले आकडे, फोटोंखालच्या ओळी: यांचं एक वेगळं वाचन करा, बोट ठेवून. 'कै.'ची पट्टी चिकटवल्यापासून मी हे वाचन वेगळ्या दिवशी करते.

प्रकाशक

आपल्या कपाटातली, आपल्या प्रकारची पुस्तकं कुणी काढलीत ते बघा आणि तिथंच विचारा. अभ्यासाची पुस्तकं काढणाऱ्याकडे गझला पाठवून दोघांचाही वेळ जातो. पाठवायचं ते असं: पुस्तक कशाबद्दल आहे याचं एक पान, दोन-तीन सलग प्रकरणं, स्वतःविषयी पाच ओळी. आधी छापून आलेलं काही असेल तर त्याचा उल्लेख. पूर्ण हस्तलिखित मागितल्याशिवाय पाठवू नका. उत्तराला तीन ते सहा महिने धरा. एकाच वेळी अनेकांकडे पाठवत असाल तर तसं पत्रात लिहा. लपवलेलं कळतं, प्रकाशनाचा धंदा लहान आहे.

रस्ते तीन आहेत. एक, प्रकाशक स्वतःचे पैसे घालतो आणि तुम्हाला मानधन देतो. दोन, तुम्ही पैसे देता आणि प्रकाशक त्याच्या नावानं पुस्तक काढून देतो. कवितासंग्रहांचं बऱ्याचदा असंच होतं. तीन, तुम्हीच प्रकाशक. दुसऱ्या रस्त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पण पैसे देण्याआधी कागदावर उत्तरं घ्या. नेमक्या किती प्रती छापणार? त्या कुणाच्या मालकीच्या? माझ्या ताब्यात किती? विक्री कोण करणार आणि हिशेब कधी देणार? मुखपृष्ठाची आणि आतल्या पानांची मूळ फाइल मला मिळणार का? 'हजाराची आवृत्ती' म्हणून दोनशे प्रती छापल्याच्या तक्रारी माझ्या कानावर बऱ्याचदा आल्या आहेत. छापखान्याचं बिल दाखवायला तयार असलेला माणूस निवडा.

पैशांचा प्रश्न असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना बघा. ती पहिल्या पुस्तकासाठीच आहे. मंडळाकडून अर्ज मागवले जातात तेव्हा हस्तलिखित तयार हवं. निवड व्हायला वेळ लागतो. पण मी वर म्हटलं तसं, तुम्हाला घाई नाहीये.

करार

'आमचे घरचे संबंध आहेत, करार कशाला?' हे वाक्य मी दोन्ही बाजूंनी ऐकलंय. संबंध टिकावेत म्हणूनच करार करायचा. १९५७चा कॉपीराइट कायदा लेखकाच्या बऱ्यापैकी बाजूनं आहे. पुस्तक लिहिलं गेलं त्या क्षणी हक्क तुमचा होतो. नोंदणी सक्तीची नाही. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सही करूनच देता येतो. कागदावर मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. आणि हक्क घेतलेल्यानं वर्षभरात ते वापरलेच नाहीत, तर करारात वेगळं काही लिहिलेलं नसल्यास ते आपोआप संपतात.

त्यामुळे करार वाचताना 'सर्व हक्क कायमस्वरूपी' या शब्दांवर थांबा. छापील मराठी पुस्तकाचा हक्क द्या, तोही मुदतीनं. ई-बुक, ध्वनिपुस्तक, भाषांतर, नाटक-चित्रपट हे हक्क स्वतंत्र ओळींत लिहून घ्या आणि प्रकाशक त्यात खरंच काही करणार नसेल तर स्वतःकडे ठेवा. मानधन छापील किमतीवर की हाती आलेल्या रकमेवर, हे शब्द तपासा; टक्का तोच असला तरी रक्कम जवळपास निम्मी होऊ शकते. वर्षातून एकदा विक्रीचा लेखी हिशेब, लेखकाच्या मोफत प्रती किती, जादा प्रती कोणत्या सवलतीत, आवृत्ती संपून अमुक महिन्यांत नवी काढली नाही तर हक्क परत: एवढं असलं की पुरे.

दुसऱ्याची कविता, गाण्याच्या ओळी, फोटो वापरले असतील तर परवानगीची पत्रं आत्ताच गोळा करा. लेखकाच्या मृत्यूनंतर पुढच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं हक्क राहतो. १९६५ साली वारलेल्या कवीच्या ओळी २०२५च्या अखेरीपर्यंत वारसांच्या होत्या. समीक्षेत दोन ओळी उद्धृत करणं वेगळं आणि प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर अख्खं कडवं सजवणं वेगळं.

स्वतःच काढणार असाल तर

पुस्तक छापखान्यात फॉर्मवर मोजतात. एक फॉर्म सोळा पानांचा. १६३ पानांचं पुस्तक म्हणजे दहा फॉर्म आणि वर तीन पानं. त्या तिघांपायी अकरावा फॉर्म, नाहीतर अर्धा फॉर्म लागणार. मांडणी करणाऱ्याला आधी सांगितलं तर तो टाइप किंचित आवळून १६०त बसवतो, किंवा १७६ करून प्रकरणं मोकळी सोडतो.

मांडणीत मराठीचा स्वतःचा एक त्रास आहे. इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये 'वर्ल्ड-रेडी' कंपोझर निवडलेला नसला तर जोडाक्षरं सुटी पडतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते. फॉन्टमध्ये 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे आहेत का तेही बघा. काही फॉन्ट हिंदी वळण देतात. पूर्ण मांडणी सुरू होण्याआधी चार पानांचा नमुना घ्या आणि घरातल्या सगळ्यात वयस्क माणसाला वाचायला द्या. टाइप बारीक आहे का हे तेच सांगतील.

कागद ७० किंवा ८० जीएसएम (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम) मॅपलिथो, शक्यतो नॅचरल शेड, म्हणजे किंचित पिवळसर. पांढराशुभ्र डोळ्यांवर येतो. कव्हर ३०० जीएसएम आर्ट कार्ड, वर मॅट लॅमिनेशन. बांधणी नुसत्या डिंकाची की शिलाईची, हे विचारा. दोनशे पानांपुढे शिलाई घ्या. पहिल्या वेळी प्रती कमी काढा. डिजिटल छपाईत पन्नास-शंभरही निघतात, प्रत महाग पडते. ऑफसेट पाचशेच्या पुढे परवडतं.

किंमत ठरवताना हा हिशेब मांडा, आकडे तुमचे घाला. समजा पुस्तक २५० रुपयांचं. वितरक ४५ टक्के घेतो: ११२.५० गेले, हातात १३७.५०. छपाई-बांधणी प्रतीमागे ७५. लेखक म्हणून स्वतःला दहा टक्के, म्हणजे २५. उरले ३७.५०. पाचशेच्या पाचशे प्रती विकल्या गेल्या तर १८,७५०. यातून संपादन, मांडणी, मुखपृष्ठ, प्रूफ, टेम्पो. प्रती सगळ्या विकल्या जात नाहीत हे धरलं, तर पहिल्या आवृत्तीत मुद्दल सुटलं तरी छान झालं म्हणायचं. छापील पुस्तकाच्या विक्रीवर जीएसटी नाही, तेवढाच दिलासा.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, फुकट मिळतो. दिल्लीच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडे ऑनलाइन अर्ज करायचा. स्वतः प्रकाशित करणाऱ्या लेखकालाही तो मिळतो. हा तेरा आकडी क्रमांक विकणाऱ्या माणसाकडून घेऊ नका. पेपरबॅक, हार्डबाउंड, ई-बुक यांना वेगवेगळे क्रमांक लागतात. नुसतं पुनर्मुद्रण असेल तर जुनाच चालतो. क्रमांक हातात आल्याशिवाय मलपृष्ठ छापायला देऊ नका.

पुस्तक निघाल्यावर ३० दिवसांच्या आत प्रत्येकी एक प्रत चार ठिकाणी स्वखर्चानं पाठवणं १९५४च्या कायद्यानं प्रकाशकावर बंधनकारक आहे: कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईत एशियाटिक सोसायटीतलं मध्यवर्ती ग्रंथालय, चेन्नईचं कोनेमारा आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी. पुष्कळ जण हे करत नाहीत. करा, तुमच्या घरातली शेवटची प्रत वाळवीनं खाल्ली तरी पुस्तक कुठंतरी असेल.

विक्रीबद्दल थोडकंच. ओळखीच्यांना फुकट वाटू नका. फुकट मिळालेलं पुस्तक वाचलं जात नाही. ग्रंथालय संचालनालयाच्या शासनमान्य यादीसाठी प्रत पाठवा, कारण गावोगावची अनुदानित वाचनालयं ती यादी बघून खरेदी करतात. टपालानं पाठवायला १ मे २०२५पासून 'ज्ञान पोस्ट' आहे: ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. राज्य वाङ्मय पुरस्कारांत पहिल्या प्रकाशनासाठी स्वतंत्र पुरस्कार आहेत आणि ते कॅलेंडर वर्षावर चालतात. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात धावतपळत काढण्यापेक्षा जानेवारीचं साल टाकलेलं बरं.

गठ्ठे घरी आल्यावर

वरची प्रत हातात घेऊन फोटो काढाल, ते साहजिक आहे. पण मग तळाचा गठ्ठा सोडा. प्रत्येक गठ्ठ्यातली एक प्रत पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळा. एखादा फॉर्म उलटा लागलेला असतो, एखादा दोनदा, मध्येच दोन पानं कोरी. कण्यावरचं नाव मधोमध आहे का बघा. पुस्तक मधून पूर्ण उघडून दाबा. डिंक सुटत असेल तर आत्ताच सुटेल. खराब प्रती वेगळ्या काढून दोन दिवसांत छापखान्याला कळवलं तर बहुतेक जण बदलून देतात, महिन्यानं कळवलं तर कुणी देत नाही.

एवढं झालं, की मग हॉलवाल्याला फोन करा.